संहिता एक, वाचने अनेक : नगरच्या एका रक्तसंशोधकाच्या निमित्ताने

१

जीवशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत आपली परिभाषा ज्या ज्या घरांतून उसनी आणली, त्यांत भाषाविद्येचे घर सर्वांत मोठे आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मुले ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतरण’ हे शब्द शिकतात. डीएनए ही चार अक्षरांची लिपी, जनुक म्हणजे त्या लिपीतले वाक्य, प्रथिन म्हणजे त्या वाक्याचा अनुवाद, आणि सगळा जनुकसंच म्हणजे ‘जीवनाचा ग्रंथ’, अशी ही रूपकांची मालिका आहे. हे शब्द ज्यांच्या घरचे, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र आपल्या शब्दांचे तिकडे काय झाले याची फारशी विचारपूस केलेली नाही.

ही देवघेव निरुपद्रवी नाही. ‘ग्रंथ’ म्हटले की तो एकदाच लिहून पुरा झाला आणि त्यातली अक्षरे अटळ आहेत, असा अर्थ नकळत चिकटतो. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘ते त्याच्या रक्तातच आहे’. या वाक्प्रचारात एका माणसाचा, कधी एका घराण्याचा, तर कधी एका सबंध जातीचा निकाल लावण्याची सोय आहे. विज्ञानाच्या भाषेने या जुन्या निकालाला नवी मोहोर दिली, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. रूपक टाकून देण्याची गरज नाही, ते अर्धवट न घेता पुरतेपणी घेण्याची आहे. संहिता असेल तर तिचे वाचनही आले; आणि शरीराच्या इतिहासात संहितेइतकेच, काही वेळा अधिक, वाचनाने ठरते. एकाच बीजपेशीतून मेंदूची, हाडाची, रक्ताची पेशी कशी निर्माण होते, या प्रश्नाचे उत्तर वाचनाच्या नियमांत आहे. हे नियम उलगडण्याचा इतिहास आम्ही येथे रक्ताच्या आधारे मांडणार आहोत, कारण त्या इतिहासाचा एक धागा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून जातो.

२

संहिता आणि वाचन यांचे नाते या जिल्ह्याला नवे नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सांगणारे ज्ञानदेव आणि उतरून घेणारे सच्चिदानंदबाबा, असे या ग्रंथाच्या जन्माचे चित्र परंपरेने जपले आहे. पुढे प्रती झाल्या, प्रतींच्या प्रती झाल्या, पाठ बिघडले. आणि शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी अनेक प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातून दोन वेगवेगळे प्रश्न ओळखता येतात. पहिला पाठभेदाचा : दोन प्रतींत फरक कोठे आहे आणि मूळ पाठ कोणता असावा? दुसरा वाचनाचा : प्रत तीच असताना कोणी नित्यपाठाला एकच अध्याय घेतो, कोणी सात दिवसांत पारायण करतो, कोणी पोथी बासनात बांधून देव्हाऱ्यात ठेवतो, हे कशाने ठरते? पहिला प्रश्न दोन प्रतींमधला आहे. दुसरा एकाच प्रतीच्या आतला. जीवशास्त्रातही हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला उत्क्रांतीचा, दुसरा पेशींच्या विभेदनाचा.

पहिल्या प्रश्नावर काम करणारा एक मोठा संशोधक नगर शहरातल्या महाविद्यालयाने पाहिला. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या अहमदनगर कॉलेजात जॉन बार्नबस (१९२९–१९९४) यांनी पदव्युत्तर विभागाची धुरा सांभाळली. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जीवरसायन विभागाचे प्रमुख झाले. १९७४ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांचा विषय होता हिमोग्लोबिन, रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन.

हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा असतो. प्रौढ माणसात दोन आल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने ओवलेली असतात. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा आजार रेणूचा आजार असल्याचे दाखवले. १९५६–५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या रेणूतली नेमकी जागा सापडवली. बीटा साखळीतल्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. १४६ पैकी एक अक्षर. एका अक्षराने तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, नसा तुंबतात, असह्य वेदना होतात. प्रथिने संहितेसारखी वाचता येतात, याची याहून ठळक साक्ष तोवर मिळालेली नव्हती.

मग निरनिराळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनचे पाठ जमू लागले. माणूस, माकड, घोडा, कोंबडी, मासा : प्रत्येकाची प्रत थोडी निराळी. १९७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मॉरिस गुडमन, जॉन बार्नबस, गेंजी मात्सुदा आणि विल्यम मूर या चौघांचा लेख प्रसिद्ध झाला. मानवाच्या वंशक्रमात रेणूंची उत्क्रांती कशी झाली, हा त्याचा विषय होता. या अभ्यासांची रीत अशी : सर्व पाठ शेजारी शेजारी मांडायचे, आणि कमीत कमी बदल मानून ज्या वंशावळीने सगळे पाठभेद समजावता येतील ती स्वीकारायची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे काम चालले, त्याच्याशी या रीतीचे सख्खे नाते आहे. तेथेही हस्तलिखितांची कुळे लावून मूळ पाठाकडे मागे जायचे होते. एका ठिकाणी बोरूने झालेले बदल, दुसऱ्या ठिकाणी उत्परिवर्तनाने झालेले, तर्क तोच.

पण पाठभेदाच्या या मार्गाने चालत गेलेल्या संशोधकांना एका वळणावर अडचण आली. माणूस आणि चिंपांझी यांच्या हिमोग्लोबिनच्या आल्फा व बीटा साखळ्या अक्षरशः सारख्या निघाल्या. १९७५ साली मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी पुष्कळ प्रथिनांचा ताळा घेऊन दाखवले की, या दोन प्राण्यांच्या प्रथिनांत फरक अत्यल्प आहे. मग दोघांच्या देहांत दिसणारा एवढा मोठा फरक येतो कोठून? त्यांचे अनुमान असे की, तो जनुकांच्या मजकुरापेक्षा जनुके केव्हा, कोठे आणि किती वाचली जातात यातून येत असावा. पाठचिकित्सा आपल्याच वाटेने वाचनाच्या प्रश्नापाशी येऊन उभी राहिली.

३

एका देहाच्या आत तर हा प्रश्न अधिकच धारदार होतो. फार थोडे अपवाद सोडले तर शरीराच्या प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत पूर्ण ग्रंथ असतो. डोळ्याच्या पेशीत रक्ताचे अध्याय असतात आणि यकृताच्या पेशीत मेंदूचे. एकेकाळी असे वाटे की, विभेदन होताना पेशी नको असलेली पाने फाडून टाकत असावी. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात ठेवले. अशा काही अंड्यांतून पोहणारे बेडूकमासे तयार झाले. म्हणजे आतड्याच्या पेशीत पाने सगळी शाबूत होती. ती उघडली जात नव्हती, एवढेच.

त्याआधी १९५७ साली कॉन्रॅड वॉडिंग्टन या एडिंबरोच्या शास्त्रज्ञाने विभेदनाचे एक चित्र काढले होते. उंच उतारावरून एक चेंडू घरंगळतो आहे आणि खाली दऱ्यांना फाटे फुटत गेले आहेत. एका दरीत शिरलेला चेंडू सहसा दुसऱ्या दरीत जात नाही. पुणे विद्यापीठात भ्रूणविज्ञानाची परंपरा रुजवणाऱ्या डॉ. लीला मुळहेरकर यांनी याच वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या भ्रूणावर काम केले होते. तेव्हा हे चित्र महाराष्ट्राला तसे परके नाही. नगर जिल्ह्याच्या वाचकाला तर ते अकोले तालुक्यात प्रत्यक्ष पाहता येते. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर पडलेला पाऊस कोकणकड्याकडे उतरला तर अरबी समुद्राला मिळतो. मुळेच्या खोऱ्यात उतरला तर प्रवरा आणि गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागराला. पाणी तेच, माथा तोच. फरक हातभर अंतराचा, आणि पुढे दोन समुद्रांचा. वॉडिंग्टन यांच्या चित्राखाली आणखी एक चित्र होते, त्याकडे मात्र कमी लक्ष जाते. त्यात जमिनीखाली दोरखंड ताणलेले आहेत आणि त्यांच्या ओढीने दऱ्यांचे आकार ठरत आहेत. हे दोर कसले, ते पुढच्या काही दशकांत कळले.

४

१९६१ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जीवाणूंवरील प्रयोगांतून असे मांडले की, काही जनुकांचे काम इतर जनुकांना रोखणे हेच असते. दुधातली साखर उपलब्ध नसेल तर ती पचवणारी विकरे बनवण्याचे जनुक एक निरोधक बंद ठेवतो. साखर आली की निरोधक बाजूला होतो. जनुक वाचावे की वाचू नये हे ठरवणारा एक पदार्थ असतो, ही कल्पना येथे ठाम झाली. अशा पदार्थांना प्रतिलेखन घटक, किंवा प्रयोगशाळेच्या बोलीत ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणतात. माणसाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांपैकी अंदाजे १,६०० जनुके असे घटक बनवतात.

त्यांचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगणे भाग आहे. डीएनएचा धागा मोकळा पसरलेला नसतो. एका पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून केंद्रकात बसवलेला असतो. ही पोथी बासनात बांधलेली आहे. प्रत्येक जनुकाच्या अलीकडे एक छोटा प्रदेश असतो, त्याला प्रवर्तक म्हणतात. दूर अंतरावर वर्धक नावाचे प्रदेश असतात. या प्रदेशांत सहा ते दहा अक्षरांचे लहान लहान ‘शब्द’ असतात. त्यांचे प्रथिनात भाषांतर होत नाही. ते खुणेचे शब्द आहेत. प्रत्येक प्रतिलेखन घटकाचा आकार अशा एखाद्या शब्दाच्या खाचेत नेमका बसतो. तो बसला की इतर प्रथिने बोलावली जातात, रीळ सैल होते, दूरचा वर्धक धाग्याची घडी पडून प्रवर्तकापाशी येतो आणि प्रतिलेखन सुरू होते. निरोधक घटक बसला तर याच्या उलट, बासन आवळले जाते.

महत्त्वाची गोष्ट अशी की, एकटा घटक क्वचितच निर्णय घेतो. बहुतेक जनुके चार-पाच घटक एकत्र जमल्यावरच उघडतात. त्यामुळे थोड्या घटकांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून शेकडो प्रकारच्या पेशी घडवता येतात. शिवाय काही घटक स्वतःचेच जनुक उघडे ठेवतात आणि प्रतिस्पर्ध्याला दाबतात. अस्थिमज्जेतल्या रक्ताच्या मूलपेशीत गाटा-१ आणि पीयू-१ हे दोन घटक असे एकमेकांसमोर असतात. गाटा-१ वरचढ झाला तर पेशी तांबड्या रक्तपेशीच्या वाटेला लागते, पीयू-१ वरचढ झाला तर पांढऱ्या पेशींच्या एका कुळाकडे. थोडासा कल वाढत वाढत पक्का होतो. वॉडिंग्टन यांच्या उताराखालचे दोर हेच.

हे दोर ओढले तर दऱ्या बदलतात, हेही सिद्ध झाले. १९८७ साली हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत मायोडी नावाच्या एकाच जनुकाने संयोजी ऊतीच्या पेशींचे स्नायुपेशींत रूपांतर झाले. २००६ साली शिन्या यामानाका यांनी अवघे चार घटक वापरून उंदराच्या प्रौढ पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत मागे नेले. उताराच्या तळाशी पोचलेला चेंडू पुन्हा माथ्यावर गेला. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते या पन्नास वर्षांच्या वाटेसाठी.

५

आता पुन्हा बार्नबस यांच्याकडे वळू. १९६२ साली, म्हणजे गर्डन यांचा बेडकावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ‘नेचर’मध्ये जे. बार्नबस आणि सी. जे. मुलर यांचे एक छोटे टिपण आले. विषय होता ‘हिमोग्लोबिन लेपोरे हॉलंडिया’. लेपोरे हे एका इटालियन-अमेरिकन कुटुंबाचे नाव, ज्यांच्या रक्तात १९५८ साली हा प्रकार प्रथम सापडला. हॉलंडिया हे तेव्हाच्या डच न्यू गिनीतले गाव, आजचे जयापुरा. आम्हाला हे टिपण त्यांच्या गाजलेल्या १९७१ च्या लेखाइतकेच मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल.

प्रौढ माणसाच्या रक्तात बीटा साखळीच्या जोडीला डेल्टा नावाची एक साखळी अल्प प्रमाणात असते. १४६ पैकी केवळ १० ठिकाणी ती बीटाहून वेगळी आहे. दोघींची जनुके ११व्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. हस्तलिखिते हाताळणाऱ्यांना माहीत आहे की, दोन जवळच्या ओळी एकसारख्या असल्या म्हणजे लेखनिकाची नजर एकीवरून दुसरीवर घसरते. पहिल्या ओळीने केलेली सुरुवात दुसऱ्या ओळीने संपते आणि मधला मजकूर गळतो. लेपोरेमध्ये हुबेहूब हेच घडलेले आहे. गुणसूत्रांची देवाणघेवाण होताना डेल्टा आणि बीटा यांची गफलत झाली, मधला भाग गळाला, आणि एक जोडसाखळी तयार झाली : आरंभ डेल्टाचा, शेवट बीटाचा. हॉलंडियाच्या प्रकारात २२व्या अमिनो आम्लापर्यंत डेल्टा वाचता येते आणि ५०व्यापासून बीटा. मधल्या भागात दोघी सारख्याच असल्याने सांधा नेमका कोठे आहे ते प्रथिनावरून ओळखता येत नाही.

हा झाला पाठभेद. पण लेपोरेमध्ये एक विचित्र गोष्ट होती. या जोडसाखळीचा बराचसा मजकूर बीटाचा असूनही ती बीटासारखी विपुल बनत नाही. ज्यांच्यात एक प्रत लेपोरेची आणि एक निरोगी असते, त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये तिचा वाटा साधारण ५ ते १५ टक्के राहतो. दोन्ही प्रती लेपोरेच्या असतील तर रक्त तुटपुंजे पडते आणि थॅलसेमियासारखा गंभीर आजार होतो. मजकूर बराचसा ठीक असताना आजार का?

उत्तर १९९० च्या दशकात मिळाले. १९९३ साली मिलर आणि बीकर यांनी ईकेएलएफ नावाचा एक प्रतिलेखन घटक शोधला. तो तांबड्या पेशींच्या कुळातच सापडतो आणि बीटाच्या प्रवर्तकातील सी-सी-ए-सी-ए-सी-सी-सी-टी या नऊ अक्षरांच्या खुणेवर बसतो. ज्या उंदरांत हा घटक नसतो ते बीटा साखळीअभावी जन्मापूर्वीच मरतात. डेल्टाच्या प्रवर्तकात मात्र ही खूण बिघडलेली आहे. म्हणून डेल्टा मुळातच तुरळक वाचली जाते, आणि तिच्यापासून बनणारे हिमोग्लोबिन प्रौढ रक्तात २ ते ३ टक्क्यांच्या आसपास राहते. डेल्टाच्या प्रवर्तकात ती खूण प्रयोगाने दुरुस्त केली, तेव्हा ईकेएलएफने ते जनुकही जागे केले. लेपोरेचा आरंभ डेल्टाचा असल्याने तिच्या अलीकडचा प्रवर्तकही डेल्टाचा आहे. मजकूर बीटाचा, पण वाचण्याची आज्ञा डेल्टाची. तिच्या तुटवड्याचे मोठे कारण हे आहे.

१९६२ च्या त्या टिपणात जो सांधा मोजला गेला, त्याचा पूर्ण अर्थ लागायला अशी तीन दशके जावी लागली. पाठचिकित्सकाने नोंदवलेल्या एका गळतीत वाचनाचा नियम दडलेला होता. अर्थ शब्दांत आहे की शब्दांआधीच्या खुणेत, हा प्रश्न रक्ताने इतक्या स्पष्टपणे क्वचितच विचारला असेल.

६

याहून मोठा प्रश्न सिकलसेलचा आहे, आणि तो महाराष्ट्रात केवळ विचाराचा नाही. नंदुरबार, गडचिरोली, नागपूर, चंद्रपूर या भागांत, विशेषतः आदिवासी आणि काही दलित समाजांत, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. ‘रक्तातच आहे’ हा वाक्प्रचार येथे शब्दशः खरा ठरतो आणि सोयरिकीच्या बैठकीत तो किती कठोर होऊ शकतो, हे तेथील घरांना ठाऊक आहे.

तरीही दोन्ही प्रती सिकलच्या असलेले मूल जन्मतः निरोगी दिसते. पहिले काही महिने त्याला त्रास होत नाही. याचे कारण ११व्या गुणसूत्रावरच्या जनुकांच्या क्रमात आहे. तेथे एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा ही जनुके जणू अध्यायांसारखी ओळीने आहेत आणि आयुष्यात त्याच क्रमाने त्यांना महत्त्व येते. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत एप्सिलॉन वाचले जाते. नंतर गर्भाचे यकृत रक्त बनवू लागते तेव्हा गॅमा. जन्माच्या सुमारास वाचन बीटाकडे सरकते, आणि सहाएक महिन्यांत गॅमाचा अध्याय जवळजवळ मिटतो. सिकलचे अक्षर बीटात आहे. तो अध्याय उघडेपर्यंत ते अक्षर मुके असते.

गॅमाचा अध्याय मिटतो कोण? २००७–०८ मध्ये हजारो माणसांच्या जनुकसंचांची तुलना करताना बीसीएल-११ए या जनुकाकडे बोट गेले. पाठोपाठ स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवले की, हा प्रतिलेखन घटक गॅमाला दाबतो. २०११ मध्ये सिकलसेलच्या उंदरांत हा घटक काढून टाकल्यावर आजार मागे हटला. २०१३ मध्ये कळले की, तांबड्या पेशींच्या कुळात बीसीएल-११ए चालू ठेवणारा एक खास वर्धक आहे, आणि त्यात गाटा-१ ची खूण आहे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेला ‘कॅसजेव्ही’ हा उपचार नेमकी ती खूण कापतो. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी बाहेर काढून ती खूण मोडली की, त्या पेशींपासून झालेल्या तांबड्या पेशींत गॅमाचा अध्याय पुन्हा उघडतो. सिकलचे अक्षर तसेच राहते. कोणी ते दुरुस्त केलेले नसते. वाचन तेवढे बदललेले असते.

आणि निसर्गाने हे थोड्या प्रमाणात आधीच केलेले आहे. भारतातल्या सिकलसेलच्या पुष्कळ रुग्णांत, गॅमाच्या अलीकडच्या एका अक्षरबदलाशी निगडित असे, गर्भ-हिमोग्लोबिनचे प्रमाण प्रौढपणीही बरेच टिकलेले आढळते. आफ्रिकेतल्या अनेक रुग्णांच्या तुलनेत त्यांचा आजार सरासरीने सौम्य असतो. सगळ्यांचा नाही, विदर्भातल्या कित्येक रुग्णांना तीव्र यातना होतात. सहाव्या स्थानचे अक्षर दोघांत एकच, आणि दोन आयुष्ये वेगळी.

येथे उत्साहाला आवर घालणे जरूर आहे. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली. ती कोणत्या पाड्यावर पोचणार, हे सांगायला नको. गर्भ-हिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी त्या मानाने स्वस्त आहे, आणि ती वेळेवर, सातत्याने मिळणे हाच आज खेड्यातल्या रुग्णाचा खरा प्रश्न आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीचे कागद घराघरांत जातील तेव्हा त्यांच्याबरोबर हे वाक्यही जावे, असे आम्हाला वाटते : रक्तातले अक्षर म्हणजे माणसाचा निकाल नव्हे.

७

शेवटी रूपकाच्या मर्यादांविषयी. समीक्षेच्या अभ्यासकाला येथे एक मोह होईल. वाचकच अर्थ घडवतो, संहिता मोकळी असते, असे विसाव्या शतकातले सिद्धान्त पेशींवर लादण्याचा. तसे करू नये. गाटा-१ ला आवडनिवड नाही. आकार जुळला तर तो बसतो, नाही तर नाही. शिवाय हे वाचक ग्रंथाबाहेरून आलेले नाहीत. गाटा-१, ईकेएलएफ, बीसीएल-११ए यांची जनुकेही त्याच ग्रंथात आहेत आणि ती उघडायला दुसरे घटक लागतात. वाचणारा स्वतः त्या पोथीतले एक वाक्य आहे, असा ग्रंथ साहित्याच्या इतिहासात आम्हाला माहीत नाही.

मग सर्वांत पहिले पान कोणी उघडले? उत्तर साधे आहे आणि विचार करायला लावणारे आहे. आईच्या अंड्यात केवळ डीएनए नसते. त्यात आईने आधीच बनवून ठेवलेली प्रथिने आणि प्रतिलेखित संदेश असतात. गर्भाचे पहिले विभाजन त्यांच्या जोरावर होते, आणि गर्भाची स्वतःची जनुके पुढे जागी होतात. आईच्या अंड्यालाही तिच्या आईकडून तसेच मिळाले होते. म्हणजे ही संहिता कोणत्याही पिढीत एकटी पोचलेली नाही. ती कशी वाचायची याची रीत तिच्या सोबतच हातोहात आलेली आहे. कोरी पोथी आणि मागाहून आलेला वाचक, अशी वेळ जीवसृष्टीत कधी उद्भवली नाही. वारकरी परंपरेत ज्ञानेश्वरी पिढ्यान्‌पिढ्या आली ती प्रतींच्या रूपाने, आणि त्याचबरोबर ती कशी म्हणायची, कोठे थांबायचे, कोणी कोणाला सांगायची याच्या रीतीसह. त्या रीतीवाचून ग्रंथ उरला असता, ज्ञानेश्वरी उरली असती की नाही, याची आम्हाला शंका आहे.

तांबडी पेशी आपल्या विभेदनाच्या अखेरीस एक शेवटची गोष्ट करते. हिमोग्लोबिनने भरून गेल्यावर ती आपले केंद्रकच बाहेर टाकते, आणि मग सुमारे १२० दिवस, संहितेविना, केवळ झालेल्या वाचनाच्या बळावर, प्राणवायू वाहत राहते.